हेपॅटायटिस सी चाचण्यांचे मूल्यमापन

हेपॅटायटिस सी विषाणूचा संसर्ग ओळखणाऱ्या आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या चाचण्या कितपत भरवशाच्या आहेत, हे आधीच पारखलेल्या नमुन्यांवर पडताळण्याची पद्धती.

विषाणू हाती येण्यापूर्वी या रोगाला ‘नॉन-ए, नॉन-बी’ यकृतशोथ म्हणत. त्याची चाचणी सापडल्याचे दावे अनेकांनी केले. अमेरिकेतील संशोधक हार्वी ऑल्टर यांनी यासाठी सांकेतिक क्रमांकांचा एक नमुनासंच जपला होता. चिंपांझींना संसर्ग झाल्याने सिद्ध झालेले बाधित नमुने आणि निरोगी दात्यांचे नमुने त्यात मिसळलेले असत. कोणता कुठला हे तपासणाऱ्याला ठाऊक नसे. एकामागून एक चाचण्या या संचावर नापास झाल्या. कायरॉन कंपनीतील गटाची प्रतिपिंड (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) शोधणारी चाचणी मात्र टिकली (१९८९). तिचे श्रेय सहसा त्या गटातील मायकेल हॉटन यांना दिले जाते. तथापि त्या वर्षीच्या चाचणीविषयक शोधनिबंधाचे पहिले लेखक जॉर्ज कुओ, तर विषाणूचा क्लोन (त्याच्या जनुकीय द्रव्याची प्रयोगशाळेतील प्रत) मिळाल्याचे सांगणाऱ्या निबंधाचे क्वी-लिम चू होते. या दोघांना वगळले म्हणून हॉटन यांनी २०१३ मध्ये कॅनडाचा गेर्डनर वैद्यकीय पुरस्कार नाकारला. २०२० च्या नोबेल पारितोषिकातही दोघे नाहीत. श्रेय गटाचे मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

संवेदनशीलता (बाधितांपैकी किती जण सापडतात) व विशिष्टता (निरोगींपैकी किती जण ‘निगेटिव्ह’ येतात) हे मूल्यमापनाचे नेहमीचे निकष. पण नुसत्या विशिष्टतेवर विसंबता येत नाही. समजा, १०,००० दात्यांपैकी १०० बाधित आहेत आणि दोन्ही निकष ९९ टक्के आहेत. बाधितांपैकी ९९ सापडतील. पण निरोगी ९,९०० पैकीही ९९ जण ‘पॉझिटिव्ह’ येतील, म्हणजे निम्मे निकाल खोटे. शिवाय बरे झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात. म्हणून सध्याचा संसर्ग ठरविण्यासाठी विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणारी आरएनए चाचणी लागते. संसर्गानंतर ती साधारण एक-दोन आठवड्यांत, तर प्रतिपिंड चाचणी बहुधा दोन-तीन महिन्यांत पॉझिटिव्ह येते.

विषाणूभाराच्या मोजणीत घोळ एककांचा होता. मोजणी आरएनएच्या ‘प्रतीं’त होई, पण प्रत्येक कंपनीची ‘प्रत’ वेगळी, त्यामुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीत निरुपयोगी ठरे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने आरएनएचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक ठरविले आणि मिलिलिटरमागे आंतरराष्ट्रीय एकक (आययू) रूढ झाले. तरीही वाचताना लॉगचे (एक लॉग म्हणजे दहापट) भान हवे : २० लाखांवरून ४० लाख ही वाढ रुग्णाला धडकी भरवते, पण ती ०.३ लॉगचीच आहे आणि मोजणीच्या नेहमीच्या चढउतारात बसते. जनुकप्ररूप (विषाणूचा जनुकीय प्रकार) बदलले की काही चाचण्या कमी आकडा दाखवतात. प्ररूप ४ बाबत हे विशेष नोंदले गेले. भारतात प्ररूप ३ अधिक आढळत असल्याने येथील मूल्यमापनाच्या संचात त्याचे नमुने असणे आवश्यक ठरते.

भारतातील रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सीची तपासणी २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए न सापडल्यास रुग्ण बरा झाला असे मानतात.