जाणिवेची खूण आणि जाणिवेचा उलगडा

‘जाणिवेचं केंद्र सापडलं’ अशी बातमी अधूनमधून येते. प्रत्यक्षात सापडलेली असते ती खूण. मेंदूतली कोणती घडामोड कोणत्या अनुभवासोबत होते, एवढंच खूण सांगते. त्या घडामोडीतून तो अनुभव का निपजावा, हे कळलं तर तो उलगडा.

पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तेव्हाचं पाहा. आधी तीक्ष्ण कळ येते आणि साधारण सेकंदाभरानं बोथट, जळजळती वेदना. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत अंतर जेमतेम मीटरभर. पातळ वेष्टण असलेले ए-डेल्टा तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं संदेश नेतात, तर वेष्टण नसलेले सी तंतू ०.५ ते २ मीटरनं. दोन वेदनांमधलं अंतर इथंच सुटलं. भुलीचं इंजेक्शन तंतूंतल्या सोडियमच्या वाटा बंद करतं, म्हणून दोन्ही थांबतात, हेही सुटलं. पण सी तंतूंचा संदेश पोचल्यावर जळजळच का व्हावी? मुळात काही जाणवावंच का? वेगाचे आकडे कितीही बारीक मोजले तरी त्यांतून हे निघत नाही.

पुरता उलगडा कसा दिसतो, ते तापमानात कळतं. वायूचं तापमान म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा, हे एकदा पटलं की बंद भांड्यातला वायू ३०० केल्विनवरून ६०० वर नेल्यास दाब दुप्पट का होतो, ते कागदावरच काढता येतं. विचारायला काही उरत नाही.

खूण शोधणंही सोपं नाही. एका डोळ्याला चेहरा आणि दुसऱ्याला घर दाखवलं, तर माणसाला दर काही सेकंदांनी आलटूनपालटून एकच चित्र दिसतं. डोळ्यांत शिरणारा प्रकाश तोच, बदलतो तो अनुभव. म्हणून त्याच्यासोबत मेंदूत जे बदलेल ती खूण. गोम अशी, की चित्र बदललं हे सांगायला माणूस बटण दाबतो आणि ठरवण्या-दाबण्याची धावपळही मोजणीत मिसळते. बटण काढून नुसत्या डोळ्यांवरून बदल ओळखला, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातली बरीच हालचाल ओसरली. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत जाणिवेची स्पष्ट खूण हाती येईल. २०२३ मध्ये कॉख हरले. पैज खुणेपुरतीच होती, उलगडा तर त्यात नव्हताच!

चार्वाकांचा दाखला प्रसिद्ध आहे: आंबवलेल्या पदार्थांत जशी मादकता येते, तशी महाभूतांच्या मेळातून चेतना. दाखला देखणा आहे, पण त्यात मेख आहे. साखरेचं अल्कोहोल कसं होतं ते रसायनशास्त्र सांगतं, पण ‘चढणं’ हा अनुभवच आहे. म्हणजे जे सिद्ध करायचं, तेच दाखल्यात आधी घालून ठेवलंय.

उलट बाजूची गल्लतही तितकीच सर्रास होते: उलगडा नाही, म्हणजे आत्मा आहे. मेंदूतली घडामोड आणि अनुभव यांच्यामधल्या या दरीला १९८३ मध्ये नाव देणारे तत्त्वज्ञ जोसेफ लेव्हाइन यांनीच ती आपल्या समजुतीतली दरी मानली. जगात जड आणि चेतन अशी दोन द्रव्यं आहेत असं तिच्यावरून ठरत नाही. शिवाय आत्मा मानणाऱ्यालाही प्रश्न चुकत नाही. किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेतून गेलं की मिनिटाच्या आत शुद्ध हरपते. जड नसलेल्या वस्तूला हे औषध कुठे लागू पडतं, ते त्यानं सांगायचं.