फोन ठेवा, आम्हीच परत करतो
मुलांच्या सांभाळाच्या खर्चाची माहिती कुणी फोनवर मागितली तर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या घरखर्चाचे हिशेब आमच्याकडे असतात. त्यात पाळणाघराची फी असते, घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या ताईंचा पगार असतो, त्यांचा खाते क्रमांक असतो, महिन्याच्या पावत्या असतात. ही माहिती मागणारे फोन आम्हाला अधूनमधून येतात. कुणी पाळणाघरातून बोलतोय म्हणतं, कुणी कर कार्यालयातून, कुणी "मी मुलाचा बाबा बोलतोय" म्हणतं. त्यातले बरेच फोन खरेही असतात. पण खरा कुठला आणि खोटा कुठला हे नुसत्या बोलण्यावरून आम्हाला सांगता येत नाही. म्हणून आमची रीत एकच आहे: आलेल्या फोनवर काही सांगायचं नाही. निरोप लिहून घ्यायचा, फोन ठेवायचा, आणि आमच्या नोंदीत असलेल्या नंबरवर आम्हीच फोन करून मगच बोलायचं.

तुम्ही स्वतः फोन केलात तरी असंच होईल. घाईच्या वेळी याचा त्रास होतो, ते आम्हाला कळतं. पण ही रीत ओळखीच्या माणसासाठी सैल केली, तर ओळखीचं असल्याचं सोंग घेणाऱ्यालाही तीच वाट मोकळी होते.

पाळणाघराची एखादी साधी पावती काढून बघा. मुलाचं नाव, वयोगट, पाळणाघराचा पत्ता, कोणते वार, किती तास. पैशांचा आकडा त्यात सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. एक लहान मूल कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, कुठे असतं, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. बँकेचं खातं बंद करून दुसरं उघडता येतं. मुलाचा दिवस असा बदलता येत नाही.

आमच्याकडूनही एकदा चूक झाली आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक असावी. फोन करणाऱ्याने काहीच विचारलं नव्हतं. तो इतकंच म्हणाला, "आठवड्याचे तीनच दिवस ना अजून?" आमच्या सहकाऱ्याने सहज दुरुस्ती केली, "नाही, आता पाच." तो माणूस पाळणाघराचा नव्हता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मुलाच्या आईला आम्हीच फोन करून सगळं सांगितलं. तो फोन करताना आवाज निघत नव्हता. मुद्दाम चुकीचं बोलायचं आणि समोरच्याकडून बरोबर उत्तर काढून घ्यायचं, ही जुनी युक्ती आहे. चांगल्या, मदत करणाऱ्या माणसांवर ती हमखास चालते. तेव्हापासून आम्ही फोनवर 'हो' म्हणत नाही, 'नाही' म्हणत नाही, आणि अमुक कुटुंब आमचं ग्राहक आहे की नाही हेसुद्धा सांगत नाही.

स्क्रीनवर ओळखीचा नंबर किंवा नाव दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. इंटरनेटवरून फोन करणाऱ्याला समोरच्या स्क्रीनवर हवा तो नंबर दाखवता येतो. थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून माणसाच्या आवाजाची नक्कलही आता करता येते. आणि मुलाची जन्मतारीख, आजीचं नाव, शाळेचं नाव माहीत असणं हा तर पुरावाच नव्हे. आपणच ते वाढदिवसाच्या फोटोंखाली लिहिलेलं असतं. २००६ साली अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीसाठी काम करणाऱ्या तपासनीसांनी त्या कंपनीचे संचालक आणि काही पत्रकार असल्याची बतावणी करून त्यांच्या फोनच्या नोंदी टेलिफोन कंपन्यांकडून मिळवल्या होत्या. कुठली तिजोरी फोडली नव्हती. पलीकडच्या माणसाला खरी वाटेल अशी थोडी माहिती हाताशी असली, की तेवढं पुरतं.

सगळ्यात अवघड फोन मात्र अनोळखी माणसाचे नसतात. आईवडील वेगळे राहत असतात, पोटगीचा किंवा मुलाच्या ताब्याचा वाद चालू असतो, आणि त्यांच्यापैकी एकजण आम्हाला फोन करून फी किती, पाळणाघर कुठलं, असं विचारतो. आवाज खरा असतो, नातं खरं असतं, काळजीही खरी असू शकते. तरीही आम्ही सांगत नाही. आमच्या करारावर ज्याची सही आहे, त्याच्याशीच आम्ही बोलतो. कोण चूक आणि कोण बरोबर हे ठरवणं आमचं काम नाही. दोघांनाही माहिती मिळावी असा न्यायालयाचा आदेश असेल किंवा तुमची दोघांची संमती असेल, तर तसं लेखी द्या. त्याप्रमाणे आम्ही नक्की वागू. तुमच्या घरी अशी परिस्थिती असेल तर आम्हाला आधीच सांगून ठेवा. का, कसं, हे विचारणार नाही.

सरकारी कार्यालयातून फोन आल्याचं सांगितलं गेलं, तर आम्ही नाव, विभाग आणि प्रकरणाचा क्रमांक लिहून घेतो, त्या कार्यालयाचा जाहीर नंबर स्वतः शोधतो आणि तिथे विचारतो. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर उलटा फोन करण्यात काही अर्थ नाही, तो त्याचाच माणूस उचलेल. माहिती खरंच द्यायची असेल तर लेखी मागणी घेतो आणि देण्याआधी तुम्हाला कळवतो, कायद्याने तसं कळवायला मनाई नसेल तर.

"ताईंचं खातं बदललं, यापुढे पगार या नव्या नंबरवर टाका," असा निरोप आला तर आम्ही पैसे थांबवतो. आधी तुमच्याशी बोलतो, मग ताईंशी, त्यांच्या जुन्या नंबरवर. पगार एक दिवस उशिरा झाला तर त्यांना अडचण होते, म्हणून खातं खरंच बदलणार असेल तर कृपया आठवडाभर आधी कळवा. तुमचा स्वतःचा फोन नंबर बदलायचा असेल तर समक्ष या.

आमच्या नावाने तुम्हाला फोन आला तरीही हेच करा. आम्ही फोनवर ओटीपी, पिन किंवा पूर्ण खाते क्रमांक कधीच मागत नाही. "थांबा, मी कार्यालयात फोन करते," एवढं म्हणून खुशाल फोन ठेवा. आमच्यातल्या कुणालाही त्याचा राग येणार नाही. घरच्या जुन्या लँडलाइनवर बोलत असाल तर परत फोन करताना दुसरा फोन वापरा. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवलाच नाही तर काही लाइन थोडा वेळ जोडलेलीच राहते, आणि तुम्ही फिरवलेला नंबर न लागता तोच माणूस पुन्हा बोलतो.

माहिती देऊन झाली असेल तर आधी बँकेला कळवा, मग लगेच पाळणाघराला, म्हणजे मुलाला न्यायला येणाऱ्याची ते नीट खात्री करतील. त्याच दिवशी आम्हालाही सांगा. ज्या नंबरवरून फोन आला तो आणि वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. लाज वाटून चार दिवस गप्प राहण्याने होणारं नुकसान मूळ चुकीपेक्षा मोठं असतं.

सोबत एक फॉर्म जोडला आहे. त्यावर आम्ही तुम्हाला कोणत्या दोन नंबरांवर फोन करायचा आणि तुमच्याखेरीज कुणाशी बोललं तर चालेल ते लिहा. दुसरं कुणी नसेल तर 'कुणीही नाही' असं स्पष्ट लिहा, ती जागा रिकामी ठेवू नका. सही करून फॉर्म कार्यालयात आणून द्या. फोटो काढून पाठवलेला फॉर्म आम्ही घेणार नाही.