गूळपाणी कुणासाठी होतं?

करवीर तालुक्यातल्या आमच्या घरी उन्हातून कुणी आलं की आजी आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवायची, मग ख्यालीखुशाली. येणारा कोसभर चालून आलेला असायचा, नाहीतर दिवसभर भांगलण करून. त्याला त्या गुळाची खरोखर गरज असायची. आज मी ऑफिसात खुर्चीवर बसून दुपारी चार वाजता गोडमिट्ट चहा मागवते, तेव्हा तोंडात तेच शब्द असतात: जरा तरतरी येईल. पण ती येत नाही. साडेपाचला डोळे पुन्हा जड होतात.

एक हिशेब मला फार बोलका वाटतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. उपाशीपोटी दर 100 मिलिलिटर रक्तात 90 मिलिग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम, जेमतेम एक चमचा! मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण तो 20 टक्के ऊर्जा वापरतो आणि दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज संपवतो. तरीही त्याला चमच्यानं साखर भरवावी लागत नाही. भाकरी, भात, आमटीतून मिळालेलं ग्लुकोज यकृत साठवतं आणि पाटाला हिशेबानं पाणी सोडावं तसं रक्तात सोडत राहतं.

आता या पाटात एकदम उसाचा रस ओता. एका मध्यम ग्लासात 25 ग्रॅमच्या पुढंच साखर असते, म्हणजे रक्तातल्या एकूण साखरेच्या पाचपटीहून जास्त. ती पचून रक्तात येऊ लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि साखर पेशींत ढकलली जाते. कष्टाचं काम चालू असेल तर आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लुकोज ओढून घेतात. तालमीत घाम गाळलेल्या पैलवानाला थंडाई पचते ती यामुळंच. लहानपणी गुऱ्हाळावर काहिलीतली गरम काकवी पोटभर खाऊन आम्ही दुपारभर उसाच्या फडात पळायचो, तेव्हा आमचंही तसंच होत असणार.

खुर्चीत बसलेल्याचे स्नायू काही मागत नाहीत. सगळा भार इन्सुलिनवर पडतो आणि काही जणांत दोन-तीन तासांनी साखर आधीच्या पातळीच्याही खाली घसरते. 2021 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सुमारे हजार लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची घसरण मोठी, त्यांना भूक जास्त लागली आणि ते पुन्हा लवकर खायला बसले. चार वाजताच्या बिस्किटांमागं साडेसहाची भेळ का येते, ते इथं कळतं.

मग चहानं बरं वाटतं, ते काय? ते कॅफिनचं काम. झोप आणणाऱ्या अॅडिनोसिन या रसायनाला ते मेंदूत अडवतं. श्रेय मात्र साखर घेऊन जाते. 2019 मध्ये 31 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा साखरेनं मन ताजंतवानं झाल्याचं कुठल्याच टप्प्यावर दिसलं नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढला आणि तासाभरात सावधपणा कमी झाला.

गुळाबद्दल लिहिताना हात जड होतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याची चव मला जगात कुठं मिळाली नाही. पण गूळही बहुतांश साखरच. त्यात थोडं लोह आणि इतर क्षार असतात खरे, पण गुळाच्या एका चहातून मिळतात ते नावापुरते. रक्ताला गुळाचा रवा आणि साखरेचं पोतं यांत फारसा फरक कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेल्या साखरेतून, तसंच मध आणि फळांच्या रसातून, एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याला ते 50 ग्रॅम होतात. 25 ग्रॅमवर आणलं तर अधिक चांगलं. दोन-दोन चमच्यांचे पाच चहा घेतले तर 40 ग्रॅम तिथंच संपले, सणाचं गोडधोड अजून लांबच.

मी चहा सोडला नाही. दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी केली. दुपारच्या डब्यात उसळ वाढवली, आणि जेवल्यावर दहा मिनिटं चालते, म्हणजे पायाचे स्नायू तरी थोडी साखर मागतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. त्यांची साखर फार खाली जाऊ शकते.

पहिले पंधरा दिवस चहा पाणचट लागला. पण जीभ शिकते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात तीन महिने साखर कमी केलेल्यांना तीच खीर आधीपेक्षा जास्त गोड लागू लागली. परवा एका लग्नात पूर्वीसारखा चहा हातात आला. दोन घोट घेतले आणि कप तसाच खाली ठेवला.