उजेडाला तोटा असलेल्या घरातले निळे फोटो

लंडनच्या केन्सिंग्टन भागातले १८, स्टॅफर्ड टेरेस हे घर बाहेरून शेजारच्या घरांसारखेच दिसते. १८७०च्या आसपास शहरात अशा घरांच्या रांगाच्या रांगा उठत होत्या. रुंदीला कमी, उंचीला जास्त, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यामुळे उजेड येणार तो पुढून आणि मागून, मधल्या भागात अंधारच. तळघरात स्वयंपाकघर, त्यावर जेवणघर, मग दिवाणखाना, झोपायच्या खोल्या आणि पार माळ्याशी मोलकरणी. कोळशाच्या बादल्या घेऊन एवढे जिने चढणाऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार नकाशा काढणाऱ्याने केलेला दिसत नाही.

१८७५ मध्ये इथे एडवर्ड लिन्ली सँबोर्न आणि त्यांची पत्नी मॅरियन राहायला आले. सँबोर्न ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार. मुंबईच्या ‘हिंदी पंच’ने नाव उचलले ते याच साप्ताहिकाचे. दर आठवड्याला चित्र द्यायचे म्हणजे प्रत्येक वेळी मॉडेल बसवून रेखाटायला सवड कुठली? त्यांनी कॅमेरा घेतला. घरचे, नोकर, कधी स्वतःच वेष चढवून उभे राहायचे आणि फोटोवरून चित्र काढायचे.

न्हाणीघरात ते फोटो धुवत. त्यांतले बरेच ‘सायनोटाइप’ आहेत. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत स्वस्त आणि सोपी. लोहाचे सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे द्रावण कागदाला लावून वाळवायचे, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे. अतिनील किरणांमुळे लोहाच्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि त्यातून गडद निळे ‘प्रशियन ब्लू’ तयार होते. ऊन न लागलेले रसायन साध्या पाण्याने धुऊन जाते, फोटो उमटवणारे वेगळे रसायन (डेव्हलपर) लागतच नाही. इंजिनिअर लोकांच्या जुन्या निळ्या नकाशांमागेही हेच रसायन. लंडनच्या ढगाळ हिवाळ्यात मात्र प्रत उमटायला चांगलाच वेळ लागत असणार.

या रंगाची एक गंमत आहे. जास्त उजेडात तो फिकटतो, पण अंधारात ठेवला की हवेतला ऑक्सिजन त्याला बऱ्याच अंशी पुन्हा निळे करतो.

भिंतींवरच्या कागदांचे तसे नाही, त्यांचा रंग एकदा उडाला की उडालाच. सँबोर्न यांनी दिवाणखान्यात विल्यम मॉरिस या नामांकित इंग्रज नक्षीकाराच्या कागदावर महागडा, चामड्यासारखा दिसणारा कागद चढवला. पैसे वाचवायला तसबिरींमागची जागा मात्र तशीच सोडली! त्या काटकसरीने जुना कागद आपोआप उजेडापासून वाचला.

१९१० मध्ये सँबोर्न गेले. पुढे मुलगा रॉय १९४६ पर्यंत तिथेच एकटा राहिला आणि त्याने घराला फारसा हात लावला नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली वास्तुकला म्हणजे गबाळा ऐवज, असे मानले जात असताना सँबोर्न यांची नात अ‍ॅन, काउंटेस ऑफ रॉस, हिने १९५८ मध्ये या घराच्या साक्षीने अशा वास्तू जपणारी ‘व्हिक्टोरियन सोसायटी’ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९८० मध्ये घर ग्रेटर लंडन कौन्सिलने विकत घेतले. संरक्षित वास्तूंच्या यादीतले हे घर आता संग्रहालय आहे.