मादिराँची वाइन आणि तोंडातली तुरटी

मादिराँ हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आपली मदिराच नाकातून बोलून दाखवतोय. पण हे निव्वळ ध्वनिसाम्य. नैऋत्य फ्रान्समध्ये, पिरेनीज डोंगरांच्या बाजूला मादिराँ नावाचं गाव आहे. तिथे ‘ताना’ जातीच्या काळ्या द्राक्षांची शाईसारखी गडद वाइन होते. नवखा माणूस पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करून म्हणतो, “फार ड्राय आहे बुवा!” गफलत इथेच होते. वाइनच्या भाषेत ड्राय म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही अशी. तोंड कोरडं पडतं ते तुरटपणामुळे.

आपल्या षड्रसांत तुरट आहे. आजच्या शरीरशास्त्राच्या यादीत मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसरसासारखी चव) एवढेच रस. तुरट हा मुख्यतः स्पर्श. पटत नसेल तर कडक कोरा चहा कोमट करून वरचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत धरून बघा. चव ओळखण्याची जागा मुख्यतः जिभेवर, तरी इथे ओठ आतून खरखरीत होतो.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात प्रोलिन या अमिनो आम्लाने खच्चून भरलेली प्रथिनं असतात. प्रोलिनच्या कड्यामुळे प्रथिनाची साखळी नीट गुंडाळली जात नाही, सुटलेल्या दोऱ्यासारखी मोकळी राहते. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेल्या टॅनिन या तुरट द्रव्याला हेच हवं असतं. त्याच्या रेणूतली चपटी कडी प्रोलिनच्या कड्यांना पाठ लावून बसतात आणि बाजूचे हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी प्रथिनाला धरतात. रेणू मोठा असेल तर एक हात या प्रथिनात, दुसरा त्या प्रथिनात. जाळं होतं, गुठळी होते आणि ती लाळेतून वेगळी पडते. वंगण गेलं की जीभ टाळूवर घासते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो तसंच काहीसं. रसायन वेगळं, देखावा तोच. वाइन चाखणारे घोट खुळखुळवून थुंकतात तेव्हा भांड्यात कधी कधी जांभळट तंतू दिसतात. ते आपलंच वंगण! बाभळीच्या सालीने कातडं कमावतात तेव्हा कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचंही टॅनिन असंच काहीसं करतं, आणि प्रोलिन त्यातही भरपूर असतं.

आता ताटाकडे वळू. तिकडे बदकाचे पाय मीठ लावून त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात. त्याला कोंफी म्हणतात. चरबीने तोंड ओशट होतं, टॅनिनने कोरडं. २०१२ साली अमेरिकेतल्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी सलामी आणि तुरट पेयाचे घोट आलटून पालटून देऊन पाहिलं, तर दोन्ही जाणिवा एकमेकींना खोडतात असं दिसलं. चीजमधल्या केसिन या दुधाच्या प्रथिनातही प्रोलिन असतं, म्हणून टॅनिनला लाळेऐवजी दुसरं गिऱ्हाईक मिळतं. चहात दूध घातल्यावर तुरटपणा उतरतो तो याचमुळे. मासळीबरोबर लाल वाइन बिघडते त्याचा आळ मात्र टॅनिनवर उगाच येतो. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी बोट दाखवलं ते वाइनमधल्या लोहाकडे.

‘लाल वाइन हृदयाला औषध’ ही १९९० च्या दशकातली हूल अजून फॉरवर्ड होत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं की मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. टॅनिनच हवं असेल तर कोरा चहा आहे, जांभळं आहेत.

मादिराँचेच वाइन बनवणारे पात्रिक द्युकुर्नो यांनी १९९० च्या सुमारास टाकीतल्या वाइनमध्ये ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडायची युक्ती काढली. ऑक्सिजनमुळे थोड्या इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडतं, आणि वाइन मवाळ लागते. ज्यांना तळघरात बाटली वर्षानुवर्षं ठेवायला धीर नाही, त्यांची सोय झाली.