बिनपाण्याची हजामत आणि कान तुटलेला मग

कुणी कुणाला चारचौघांत फैलावर घेतलं की आपण म्हणतो, ‘बिनपाण्यानं हजामत केली त्याची!’ हा वाक्प्रचार ज्यानं रूढ केला, त्याला दाढीतलं मर्म नेमकं कळलं होतं. दाढी नीट होते की गाल सोलवटतो, हे ब्लेडपेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून असतं.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना असंख्य हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. पाणी केसात शिरलं की या बंधांच्या जागी स्वतः जाऊन बसतं, साखळ्यांची पकड सैल होते, केस जाडीला फुगतो आणि तो कापायला लागणारा जोर बराच उतरतो. कोमट पाण्यात याला दोन-तीन मिनिटं पुरतात. कोरडा केस मात्र भलताच चिवट. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं, की ब्लेडचं पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असूनही केसाशी झुंजताना धारेचे बारीक टवके उडतात. त्यांच्यातल्या एकानं त्यासाठी स्वतःची दाढी करून ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती.

पण गालावर पाणी मारलं की ते ओघळून जातं, दोन मिनिटं थांबणार कसं? शिवाय केसावर त्वचेतल्या तेलाचा पातळ थर असतो. साबण हे तेल सोडवतो आणि फेस पाण्याला गालावर धरून ठेवतो. फेस म्हणजे गालावर उभं राहू शकणारं पाणी, आणि ते तयार करायचं भांडं म्हणजे मग.

माझ्या आजोबांचा मग चहाचाच होता. कान तुटल्यामुळे चहातून बाद झालेला, चिनी मातीचा, जाड बुडाचा. साबणाची गोल वडी ते तळाशी दाबून बसवत. सकाळी बंबातलं दोन चमचे गरम पाणी वडीवर ओतायचं, ब्रश शेजारच्या पेल्यात भिजत घालायचा आणि पेपर उघडायचा. अग्रलेख वाचून होईपर्यंत वडीवरचं पाणी बुळबुळीत झालेलं असे. ते ओतून न देता आजोबा गालाला चोळत. आज मला कळतं, की केसात पाणी मुरायला तिथूनच सुरुवात होत होती. दाढीच्या साबणात सोडियमबरोबर पोटॅशियमचाही साबण असतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून वडीचा वरचा थर इतक्या लवकर मऊ पडतो. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर भिजवायलाच हवा. तोही केराटिनच, त्यालाही पाणी प्यायला वेळ लागतो. कृत्रिम तंतूंच्या ब्रशला याची गरज नाही. उकळतं पाणी मात्र कुठल्याच ब्रशला नको, बुडाशी लावलेला गोंद त्यानं सुटतो.

यानंतरचा भाग पाहण्यासारखा आणि ऐकण्यासारखाही आहे. ब्रश फिरवायला लागलं की आधी मोठे, काचेसारखे आरपार दिसणारे बुडबुडे येतात आणि चुळूक-चुळूक आवाज होतो. ब्रशचा प्रत्येक तंतू मोठा बुडबुडा चिरून त्याचे लहान करत जातो. मिनिटभरात आवाज बसतो आणि फेस पांढरा होतो. साबण पांढरा म्हणून नव्हे, तर प्रकाश हजारो इवल्या पडद्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो म्हणून. लहान बुडबुड्याच्या आत हवेचा दाब मोठ्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे लहानातली हवा हळूहळू मोठ्यात झिरपते आणि फेस विरळ होत जातो. खोबरेल तेलापासूनच्या साबणाचा फेस झटपट येतो आणि तितकाच झटपट बसतो. चरबीत सापडणाऱ्या स्टिअरिक आम्लाच्या साबणाचा पडदा जास्त घट्ट, म्हणून दाढीच्या साबणात ते भरपूर घालतात. फेस निस्तेज, चिकट वाटला तर साबण वाढवू नका, चार थेंब पाणी घाला. ट्यूबमधली क्रीम वापरणाऱ्यांनी बोराएवढी क्रीम रिकाम्या मगात घ्यावी. तिच्यात पाणी आधीच असतं, पुढचं थेंबाथेंबानं.

ऊब टिकवायची तर एक छोटा हिशेब. 20 अंशांवरच्या पाव किलोच्या चिनी मातीच्या मगात 50 अंशांचं 100 मिली पाणी ओतलं, तर दोघं मिळून साधारण 40 अंशांवर स्थिरावतात. दहा अंश मगानंच खाल्ले! म्हणून मग आधी गरम पाण्यानं विसळून घ्यावा. तापलेली भिंत ती ऊब नंतर फेसाला परत देते. फेसात मुळात पाणीच जेमतेम, स्वतःची उष्णता ती किती असणार? स्टीलचा पातळ पेला इथे कमी पडतो, तो ऊब घेतो थोडी आणि बाहेर टाकतो भराभर. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत यासाठी खास मग निघाले. वर साबणाची ताटली, खाली गरम पाणी आणि ब्रश बुडवायला रुंद तोटी. आपल्याकडे मग गरम पाण्याच्या कुंड्यात ठेवला तरी तेच साधतं.

पाणी जड असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. मावशीकडे बोअरचं पाणी होतं. मगात फेसाऐवजी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं साबणाला धरून न विरघळणारा साका केला होता. मावशीनं पाणी उकळून, निवळून वरचं दिलं. बायकार्बोनेट क्षारांमुळे आलेला जडपणा उकळल्यानं खाली बसतो. पातेल्याच्या तळाशी पांढरी खर दिसत होती आणि फेस ठीक आला.

मग सामाईक मात्र नसावा. अमेरिकेतल्या जुन्या सलूनांत गिऱ्हाइकाचं नाव आणि धंद्याचं चित्र रंगवलेले मग फडताळात ओळीनं ठेवलेले असत. दुसऱ्याच्या साबणातून दाढीच्या जागी खाज-पुरळ येईल ही भीती त्यामागे होती. ब्रशचा धोका तर याहून गंभीर ठरला: पहिल्या महायुद्धात निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना अँथ्रॅक्स हा जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग झाला.

दुसरा साधा प्लास्टिकचा मग रेझर धुवायला घ्या. नळ सोडून दाढी केली तर बादलीभर पाणी सहज जातं, मगात रेझर हलवून खळबळला की अर्ध्या लिटरात काम होतं. दाढी झाली की साबणावरचं पाणी निथळायला आजोबा मग पालथा, खिडकीच्या गजाला टेकवून तिरपा ठेवत. दुपारी उन्हाची तिरीप आली की वडी पुन्हा टणक.