फोन आणताना आई-बाबांनाही सोबत आणा

‘बाबांच्या फोनचा टच गेलाय, फोल्डर बदलून ठेवा, संध्याकाळी नेतो.’ असं सांगून मुलगा फोन आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवतो आणि कामाला जातो. फोल्डर म्हणजे टचची काच आणि डिस्प्ले एकत्र असलेला भाग. आम्ही तपासतो तर टच उत्तम चालतो. फोन परत जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा येतो. तुमच्या फेऱ्या होतात, आमचा वेळ जातो आणि बाबा तेवढे दिवस फोनशिवाय राहतात. बिघाड काचेत नसेल तर तो फोन वापरणाऱ्या बोटाकडे पाहूनच कळतो, आणि ते बोट तर घरी असतं.

आताच्या फोनची काच दाब ओळखत नाही. बोट टेकल्यावर काचेखालच्या विद्युतभारात जो बारीकसा फरक पडतो, तो ती ओळखते. वय वाढलं की त्वचा कोरडी होते. शेतात, यंत्रावर राबलेल्या हातांना घट्टे असतात. असं बोट कधी कधी काचेला नीट लागत नाही. मग माणूस जोर लावतो. वर्षानुवर्षं कीपॅडचा फोन वापरलेला, त्यामुळे जोर लावणं साहजिकच आहे. पण जोर लावताना बोट जास्त वेळ टेकून राहतं, आणि साधारण अर्धा सेकंद उलटला की फोन त्याला लाँग प्रेस, म्हणजे मुद्दाम दाबून धरणं, समजतो. व्हॉट्सॲप उघडायचं सोडून त्याचा आयकॉनच बोटाला चिकटून सरकतो, कधी स्क्रीनवरून नाहीसा होतो. घरचे म्हणतात, ‘बाबा काहीतरी करून ठेवतात.’ बाबांनी फक्त दाबलेलं असतं!

यावर उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’, म्हणजे बोट किती वेळ टेकलं की लाँग प्रेस समजायचा तो वेळ, वाढवता येतो. ‘मग दोन मिनिटांच्या सेटिंगला तुम्ही चाळीस मिनिटं का बसवून ठेवता?’ असं बरेचजण विचारतात. कारण किती वाढवायचा हे प्रत्येक हाताचं वेगळं असतं. कमी वाढवला तर आयकॉन सरकतच राहतात, जास्त वाढवला तर मेसेज फॉरवर्ड करायला धरून ठेवताना आजी कंटाळतात. म्हणून आम्ही फोन त्यांच्याच हातात देतो. एक फोन लावायला, एक उचलायला आणि एक फोटो उघडायला सांगतो, आणि मध्ये न बोलता बघत राहतो. फोन धरलेल्या हाताचा अंगठा कडेला टेकतोय का, हे तेव्हाच दिसतं. तो टेकला की फोनला दोन बोटं लागल्यासारखं वाटतं.

दुसरी तक्रार ‘फोन आपोआप मागे जातो’ ही. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून कडेने बोट सरकवून मागे जायची पद्धत आली. फोटो पुढे ढकलताना बोट कडेपासून निघालं की फोटो बंद होतो. आम्ही खालची तीन बटणं परत आणून देतो. ती दिसतात, त्यामुळे लक्षात ठेवावी लागत नाहीत. येणारा फोन सरकवून उचलणं जमत नसेल तर काही फोनमध्ये आवाजाच्या बटणाने उचलायची सोय आहे, तीही चालू करतो. आयकॉन मोठे आणि मोजके ठेवतो, आणि मांडणी लॉक करता येत असेल तर लॉक करतो. एवढं झाल्यावर घरी कुणी आयकॉनच्या जागा बदलू नयेत. बाबांच्या हाताला जागा पाठ झालेली असते.

या बसण्याचे आम्ही २०० रुपये घेतो. फोल्डर याच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि गरज नसताना आम्ही तो बदलत नाही. काचेवर जाड किंवा फुगलेली टेम्पर्ड ग्लास असेल तर आधी ती काढून बघतो. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं, मग फक्त नव्या ग्लासचे पैसे.

नवीन फोन घेणार असाल तरीही त्यांना घेऊन या. दोन-तीन फोन हातात धरून बघू द्या, मगच ठरवा.

सकाळी ११ ते १ गर्दी कमी असते. चष्मा आठवणीने आणा. दुकानाला तीन पायऱ्या आहेत, ज्यांना चढवत नाहीत त्यांच्यासाठी खुर्ची खाली मांडतो. गावातल्या गावात घरीही येतो, फक्त आदल्या दिवशी सांगा.